कारखाने स्वतःहून प्रदूषण कमी करतात का? ऐच्छिक पर्यावरण करारांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारा वर्षं मी एका रसायन कारखान्याचा ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र सांभाळत होतो. नोकरी सुटली, पण लोक प्रश्न विचारायचे थांबले नाहीत. 'कंपनीनं लिहून दिलंय, आता सुधारेल ना?' हा त्यातला नेहमीचा. त्याची आणि त्याच्या भावंडांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत.

ऐच्छिक करार म्हणजे नेमकं काय?

कायद्यात जेवढं लिहिलंय त्यापेक्षा जास्त, किंवा कायद्यात अजून नाहीच असं काही करायचं उद्योगानं मान्य करणं. यात तीन जाती आहेत आणि त्यांची सरमिसळ केली की चर्चा भरकटते. पहिली, उद्योगाची एकतर्फी घोषणा: आम्ही अमुक सालापर्यंत तमुक करू. दुसरी, सरकार आणि उद्योग समोरासमोर बसून केलेला करार, सह्यांसकट. तिसरी, सरकारनं आखलेली योजना, जिच्यात ज्याला यायचं त्यानं यावं. तिन्हींना लोक 'ऐच्छिक' म्हणतात, पण मोडल्यावर काय होतं याचं उत्तर तिन्हींत वेगळं आहे. पहिलीत बहुतेक वेळा काहीच होत नाही.

थोडक्यात सांगा, हे चालतं का?

एकटं सोडलं तर फारसं नाही. मागे कर, परवाना किंवा येऊ घातलेला कायदा उभा असेल तर बऱ्यापैकी. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेनं २००३ साली अशा योजनांचा आढावा घेतला. त्यातलं निरीक्षण मला आजही पटतं: ठरवलेली लक्ष्यं बहुतेक ठिकाणी गाठली गेली, पण करार नसता तर जे झालं असतं त्यापेक्षा खरोखर जास्त काही झालं, अशी उदाहरणं मोजकीच सापडली.

लक्ष्य गाठलं तरी यश नाही, हे कसं काय?

सगळी गंमत आधारवर्षात असते, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करून घट मोजायची त्या वर्षात.

आमच्या कारखान्यात एकदा पाण्याचा वापर घटवण्याचं आश्वासन लिहून द्यायचं होतं. बैठकीत मागच्या तीन वर्षांचे आकडे फळ्यावर लिहिले. मधल्या वर्षी कूलिंग टॉवरच्या खालची एक लाइन आठ महिने गळत होती, त्यामुळे त्या वर्षीचा आकडा भलताच फुगलेला. खोलीतल्या प्रत्येकाचं बोट त्याच आकड्यावर गेलं. आधारवर्ष तेच ठरलं. गळती तर कधीच बुजवली होती, म्हणजे सही व्हायच्या आधीच अर्धं आश्वासन पुरं झालेलं. कुणी खोटं बोललं नाही. त्या कागदावर माझीही सही आहे.

हेच मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत झालं. तिथल्या पर्यावरण संस्थेनं १९९१ साली '३३/५०' नावाची योजना काढली. सतरा विषारी रसायनांचं उत्सर्जन १९९२ पर्यंत ३३ टक्के आणि १९९५ पर्यंत ५० टक्के कमी करायचं. सुमारे १,३०० कंपन्या आल्या आणि पन्नास टक्क्यांचं लक्ष्य १९९४ मध्येच, वर्षभर आधी गाठलं गेलं. टाळ्या पडल्या. मग लोकांनी आकडे उलगडले. योजना १९९१ ची, पण मोजणी १९८८ पासून, म्हणजे मधल्या तीन वर्षांतली घटही योजनेच्या खात्यावर जमा. सतरापैकी कार्बन टेट्राक्लोराइडसारखी काही रसायनं ओझोनच्या थरासाठी घातक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार तशीही बंद व्हायची होती. आणि योजनेत न आलेल्या कंपन्यांनी केलेली घटही एकूण बेरजेत धरलेली.

तरी ही योजना निव्वळ फसवी होती असं मी म्हणणार नाही. कोणता कारखाना किती विष सोडतो याची यादी तिथे त्याआधीच दरवर्षी जाहीर होऊ लागली होती. ती यादी नसती तर हे सगळं उलगडताही आलं नसतं.

उद्योग सही करतातच का? कुणी जबरदस्ती करत नसताना?

कुणी जबरदस्ती करायच्या बेतात असतं म्हणून. युरोपातल्या गाड्यांची गोष्ट बघा. नव्या गाडीचा कार्बन डायऑक्साइड १९९५ च्या सुमारास सरासरी किलोमीटरला १८५ ग्रॅमच्या घरात होता. कायदा येणार अशी कुणकुण लागताच वाहन उत्पादकांच्या युरोपीय संघटनेनं १९९८ साली शब्द दिला: २००८ पर्यंत १४० ग्रॅम. जपानी आणि कोरियन कंपन्यांनी २००९ सालचा वायदा केला.

सुरुवातीची काही वर्षं आकडा छान उतरला, कारण ग्राहक आपणहून डिझेल गाड्यांकडे वळत होते. पुढे गाड्या जड आणि ताकदवान होत गेल्या आणि उतार मंदावला. २००८ उजाडलं तेव्हा सरासरी दीडशेच्या वरच होती. शब्द मोडला म्हणून कुणाला दंड झाला? नाही. दंडाची तरतूदच नव्हती. लक्ष्य सगळ्या संघटनेचं मिळून होतं, त्यामुळे कोणती कंपनी किती मागे राहिली हा प्रश्न कायदेशीर अर्थानं उद्भवतच नव्हता. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही.

२००९ मध्ये युरोपीय संघानं कायदा केला: २०१५ पर्यंत सरासरी १३० ग्रॅम, प्रत्येक कंपनीला वेगळं लक्ष्य आणि चुकल्यास गाडीमागे दंड. सरासरी २०१३ मध्येच १३० च्या खाली आली. अर्थात हे आकडे प्रयोगशाळेतल्या चाचणीचे. रस्त्यावर गाडी त्याहून जास्त धूर सोडत होती, आणि ती फट दरवर्षी रुंदावत गेली. म्हणजे मोजमापाचा प्रश्न कायद्यालाही सुटलेला नाही.

मग चांगलं चाललेलं एकही उदाहरण नाही का?

आहे. नेदरलँड्स. तिथे १९८९ च्या राष्ट्रीय पर्यावरण आराखड्यानंतर सरकारनं उद्योगांच्या एकेका गटाशी करार केले. ऊर्जा कार्यक्षमतेचं लक्ष्य होतं १९८९ ते २००० या काळात २० टक्के सुधारणा. प्रत्यक्षात झाली २२ टक्क्यांच्या आसपास. नंतरच्या मूल्यमापनात त्यातला साधारण पाव ते निम्मा वाटा करारांना आणि त्यांच्या जोडीच्या अनुदानांना देता येईल असं निघालं, उरलेली सुधारणा तशीही झाली असती. ऐकायला कमी वाटतं, पण ऐच्छिक करारांच्या जगात पाव ते निम्मा हा चांगला निकाल आहे.

तिथे जमलं कारण तिथला करार हा खरा करार होता. सही करणारा कोर्टात उत्तर द्यायला बांधील. जो बाहेर राहील त्याला स्थानिक परवाना देणारा अधिकारी कडक अटी घालणार, हे सगळ्यांना आधीच ठाऊक. आत यायचं की बाहेर राहायचं एवढीच निवड होती, आणि दोन्हीकडे काम करावंच लागणार होतं.

जपानचं उदाहरण त्याहून जुनं आणि मला जास्त आवडणारं. १९६४ साली योकोहामा महापालिकेला कोळशावर चालणाऱ्या नव्या वीज केंद्राच्या धुराची धास्ती होती, पण तो रोखायला पुरेसे कायदेशीर अधिकार हातात नव्हते. जमीन मात्र शहराच्या संमतीशिवाय मिळणार नव्हती. मग महापालिकेनं वीज कंपनीशी अटींचा करार केला. पुढे जपानभर पालिका आणि कारखान्यांमध्ये असे हजारो करार झाले. ज्याच्या हातात जमीन, पाणी किंवा शेजार आहे, त्याच्याशी केलेला करार कारखाना सहसा मोडत नाही. उद्या गाठ पुन्हा त्याच्याशीच पडायची असते.

करात सवलत देऊन करार केला तर?

ब्रिटननं केलं. २००१ साली उद्योगांच्या ऊर्जेवर कर लावला आणि जे क्षेत्र कार्यक्षमतेचा करार करेल त्याला त्या करात ८० टक्के सूट दिली. पहिल्याच फेरीत उद्योगांनी लक्ष्याच्या कितीतरी पुढे मजल मारली. त्यात पोलादाचं उत्पादन घसरल्याचा वाटा मोठा होता, आणि इतकं सहज पार होणारं लक्ष्य मुळातच ढिलं होतं का, ही शंका राहिलीच. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी कारखानानिहाय आकडे तपासले, तेव्हा पूर्ण कर भरणाऱ्यांनी सवलत घेणाऱ्यांपेक्षा ऊर्जावापर जास्त घटवल्याचं दिसलं. यावर वेगळं भाष्य नको.

भारतात असं काही झालंय का?

झालंय, पण फार कुणाला आठवत नाही. मार्च २००३ मध्ये केंद्र सरकारनं सतरा प्रकारच्या अतिप्रदूषणकारी उद्योगांशी चर्चा करून एक सनद काढली. नाव 'कॉर्पोरेट रिस्पॉन्सिबिलिटी फॉर एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन', आमच्या धंद्यात तिला नुसतं 'क्रेप' म्हणतात. सिमेंट, कागद, औषध, कीटकनाशक, वीज, साखर, डिस्टिलरी, प्रत्येकासाठी मुद्दे आणि तारखा.

महाराष्ट्रासाठी त्यातला साखरेचा भाग महत्त्वाचा. एक टन ऊस गाळताना सांडपाणी १०० लिटरपर्यंत आणायचं, एप्रिल २००४ ची मुदत. गाळप सुरू व्हायच्या किमान महिनाभर आधी ईटीपी चालू करायचा. प्रक्रिया केलेलं पाणी पंधरा दिवस साठवता येईल एवढा तलाव हवा. डिस्टिलऱ्यांनी स्पेंटवॉशचा, म्हणजे मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा, पूर्ण वापर करायचा, टप्प्याटप्प्यानं डिसेंबर २००५ पर्यंत.

हे मुद्दे कारखाना पाहिलेल्या माणसानं लिहिलेत हे लगेच कळतं. महिनाभर आधी ईटीपी चालू करायचा, कारण टाकीतले जिवाणू वाढायला वेळ लागतो. मोळी पडल्यावर बटण दाबलं तर पहिले काही आठवडे जाणारं पाणी न शिजलेल्या भातासारखं, वरून झालेलं दिसतं आणि आत कच्चं. शंभर लिटरचा आकडाही हवेतला नाही. उसातच सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ते वाफेतून परत मिळवून वापरलं तर बाहेरचं पाणी फार लागत नाही. वाया जातं ते पंपांच्या गळक्या ग्लँडमधून, फरशी धुण्यात आणि स्प्रे पाँड, म्हणजे गरम पाणी थंड करायचा तलाव, भरून वाहण्यात.

पण सनद मोडली तर काय, याचं उत्तर सनदेत नव्हतं. दरम्यान 'मळीमिश्रित पाण्यानं नदीत मासे मेले' ही बातमी पंचगंगेकाठी आणि कृष्णाकाठी हंगामाच्या हंगामाला छापून येत राहिली. साखर उद्योगाचे नवे कायदेशीर निकष आले थेट जानेवारी २०१६ मध्ये, आणि त्यात बाहेर सोडायच्या पाण्याची एकूण मर्यादा टनाला २०० लिटर होती. बारा वर्षांपूर्वीचा स्वखुशीचा आकडा शंभर आणि सक्तीचा आकडा दोनशे. दोन्हींत काय काय मोजलंय ते हुबेहूब सारखं नाही, तरी एवढं दिसतंच: शब्द देताना आकडा सढळ हातानं लिहिला जातो, दंड भरायची वेळ येणार असेल तर हात आखडतो.

क्रेप वायाच गेली असंही नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळानं तिचं पालन करण्याची अट कन्सेंटमध्ये, म्हणजे संमतीपत्रात घालायला सुरुवात केली. त्या दिवसापासून ती ऐच्छिक राहिली नाही, आणि आमच्या साहेबांनी तिची फाइल पहिल्यांदा उघडली तीही तेव्हाच.

रासायनिक उद्योगाची स्वतःची आचारसंहिता आहे ना?

'रिस्पॉन्सिबल केअर'. कॅनडात १९८५ साली सुरू झाली आणि १९८८ मध्ये अमेरिकेतल्या संघटनेनं स्वीकारली. त्याआधी भोपाळ घडलं होतं, डिसेंबर १९८४. लोकांचा विश्वास उडाला होता आणि तो परत मिळवायचा होता. संशोधकांनी २००० साली अमेरिकी आकडे तपासले, तर सदस्य कंपन्या बिगरसदस्यांपेक्षा सावकाश सुधारत होत्या. बिल्ला सगळ्यांना मिळत होता, पण तपासणी बाहेरच्या कुणाकडून होत नव्हती आणि नियम मोडणाऱ्याला कुणी काढून टाकत नव्हतं. अशा क्लबमध्ये आधी कोण शिरणार हे उघड आहे. नंतर तिथे बाहेरच्या तपासनीसाकडून प्रमाणपत्र घेणं सुरू झालं.

मोजणार कोण?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि करार लिहिताना तो सगळ्यात शेवटी, चहा आल्यावर चर्चेला येतो.

सॅम्पल घेणं दिसतं सोपं. बाटली धुवायची, आउटलेटला धरायची, लेबल लावायचं, बर्फाच्या पेटीत ठेवायचं. पण कोणत्या वेळी? आमच्याकडे सकाळी दहाला पाणी नितळ असायचं आणि पहाटे तीनला, रिअ‍ॅक्टर धुतल्यावर, चहाच्या रंगाचं. दोन्ही सॅम्पल खरी. अहवालात जायचं ते दहाचं. गेटवरच्या डिजिटल बोर्डावर आकडे हिरवे दिसतात, पण त्या बोर्डाचा सेन्सर कुठल्या चेंबरमध्ये बसवलाय हे रस्त्यावरून दिसत नाही.

गुजरातमध्ये यावर एक देखणा प्रयोग झाला. तिथे कारखान्यांना बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणी करून घ्यावी लागते. नेहमीच्या पद्धतीत ऑडिटर कारखाना निवडतो आणि पैसेही तोच देतो, त्यामुळे मर्यादेच्या किंचित खालचे आकडे अहवालांत संशय यावा इतक्या गर्दीनं दिसत. अर्थतज्ज्ञांनी मंडळाच्या मदतीनं निम्म्या कारखान्यांसाठी पद्धत बदलली: ऑडिटर चिठ्ठी टाकून ठरणार, पैसे एका सामायिक निधीतून आणि अधूनमधून फेरतपासणी. 'मर्यादेत आहे' असं खोटं लिहिण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घटलं आणि त्या कारखान्यांचं प्रदूषणही उतरलं. यंत्रं तीच, कायदा तोच, बदलला तो पैसे देणारा हात. कान सोनारानंच टोचावा म्हणतात, पण सोनाराची मजुरी कोण देतंय तेही बघावं लागतं.

ऐच्छिक योजना ही सक्तीच्या आधीची पायरी म्हणून उपयोगी पडते का?

हो, आणि माझ्या मते तिचा खरा उपयोग तोच. तुमच्या फ्रिजवरचे तारे आठवा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं २००६ मध्ये ते ऐच्छिक म्हणून आणले. कंपन्यांनी चाचणीची सवय करून घेतली, दुकानदार आणि गिऱ्हाईक तारे मोजायला शिकले, आणि २०१० मध्ये फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, एसी वगैरेंना ते सक्तीचे झाले. इन्व्हर्टर एसीचंही तसंच, आधी ऐच्छिक, मग २०१८ पासून सक्ती. पुढची तारीख नसलेली पायरी मात्र पायरी नसते, ओटा असतो. त्यावर लोक बसून राहतात.

गावपातळीवर तर असे करार चालतात. हिवरे बाजारचं काय?

चालतात, आणि कारखान्यांच्या करारांपेक्षा चांगले. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार कायम दुष्काळी पट्ट्यातलं. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यावर ग्रामसभेनं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान असं ठरवून घेतलं. पुढे शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, उसासारखं पाणीपिऊ पीक घ्यायचं नाही. दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची.

तिथे मोजमाप लपत नाही. शेजाऱ्याच्या रानात बोअरची गाडी आली तर अख्ख्या गावाला तिचा आवाज ऐकू येतो. ज्याच्या विहिरीचं पाणी उतरणार तोच पहारेकरी, आणि बंदी पाळल्याचा फायदाही त्याच्याच विहिरीत दिसतो. कारखान्याच्या बाबतीत पाइपच्या या टोकाला फायदा आणि त्या टोकाला, चार गावं सोडून, त्रास. म्हणून हिवरे बाजारचा दाखला देऊन 'बघा, स्वखुशीनं सगळं होतं' असं उद्योगसभेत कुणी म्हणालं की माझ्या कपाळावर आठी चढते.

आता पर्यावरण कायद्यांतल्या तुरुंगाच्या शिक्षा काढल्यात. त्याचा परिणाम?

जनविश्वास कायद्यानं हवा कायदा आणि पर्यावरण संरक्षण कायदा यांतल्या बऱ्याच गुन्ह्यांची फौजदारी शिक्षा काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड ठेवला. एप्रिल २०२४ पासून ते लागू आहे. पाणी कायद्यातही २०२४ मध्ये तशीच दुरुस्ती झाली. ती आधी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली, बाकी राज्यांना ठराव करून ती स्वीकारता येते.

तुरुंगाची शिक्षा प्रत्यक्षात क्वचितच व्हायची, त्यामुळे खटल्यापेक्षा चटकन होणारा दंड बरा, हा युक्तिवाद मला पूर्ण अमान्य नाही. पण मोठ्या कारखान्याला १५ लाख म्हणजे काय? ईटीपीची वीज आणि रसायनं यांवर तेवढे पैसे हां हां म्हणता जातात. दंड जर यंत्रणा चालवण्यापेक्षा स्वस्त पडत असेल, तर स्वखुशीचा कागद कितीही गुळगुळीत असू दे, हिशेबनीस तो बाजूला ठेवेल.

'नेट झिरो २०५०' वगैरे घोषणा यात मोडतात का?

२०५० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणू, ही घोषणा पहिल्या जातीत. आज सही करणाऱ्यांपैकी २०५० साली कुणीच खुर्चीत नसेल. पुढच्या तीन वर्षांचा आकडा असेल तर वाचा, नसेल तर पान उलटा.

आमच्या गावाजवळच्या कारखान्यानं ग्रामपंचायतीला सुधारणेचं लेखी आश्वासन दिलंय. आम्ही काय बघावं?

आधी आधारवर्ष आणि ते का निवडलं ते. मग लक्ष्य एकूण आहे की टनामागे. टनामागे असेल आणि उत्पादन दुप्पट होणार असेल तर नदीला काही फरक पडत नाही. सॅम्पल कोण घेणार, गावातला कुणी सोबत असणार का, आणि पहाटे जाता येणार का, हे त्याच कागदावर लिहून घ्या. शक्य असेल तर तेच मुद्दे कन्सेंटच्या नूतनीकरणात अट म्हणून यावेत यासाठी मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला ग्रामसभेच्या ठरावासकट पत्र द्या.

आणि फॉर्म पाच मागा. कन्सेंट घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याला मागच्या आर्थिक वर्षाचं पर्यावरण विवरण ३० सप्टेंबरच्या आत मंडळाकडे द्यावं लागतं. पाणी किती वापरलं, उत्पादनाच्या एककामागे किती आणि बाहेर काय सोडलं, सगळं त्यात असतं. कंपनीनं दिलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. एक वर्षाचा नको, लागोपाठ पाच वर्षांचे मागा. गळतीवालं वर्ष लगेच नजरेत भरतं.